भूरूपांचे संगणकीय विश्लेषण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

डोंगराचा उतार किती, पाणी कोणत्या बाजूस वाहते, पाणलोटाची सीमा कोठून जाते, हे पूर्वी समोच्चरेषांच्या, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांच्या, नकाशावरून हाताने काढावे लागे. आता तेच काम संगणक ‘डिजिटल एलिव्हेशन मॉडेल’च्या आधारे काही मिनिटांत करतो. भूभागावर सारख्या मापाच्या चौकोनांची जाळी कल्पून प्रत्येक चौकोनाला उंचीचा एक आकडा दिला, की हे अंकीय प्रतिमान तयार होते. मात्र या सोयीबरोबर काही गैरसमजही रुजले असून बंधाऱ्याची जागा किंवा दरडीचा धोका ठरवताना ते महागात पडू शकतात.

गैरसमज १ : प्रतिमानातील उंची ही जमिनीचीच उंची असते.

वस्तुस्थिती : फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ यानातून ११ दिवस चाललेल्या ‘एसआरटीएम’ या रडार मोहिमेची आकडेवारी आजही सर्रास वापरली जाते, परंतु तिच्या रडारलहरी घनदाट रानात जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीच बऱ्याच अंशी झाडोऱ्यातून परतत असल्याने तेथील नोंदलेली उंची प्रत्यक्ष जमिनीपेक्षा जास्त भरते.

गैरसमज २ : चौकोन लहान केला की अचूकता वाढते.

वस्तुस्थिती : ३० मीटरच्या चौकोनांचे १० मीटरचे तुकडे केले, तरी मधले आकडे शेजारच्या आकड्यांवरूनच अंदाजले जातात; नवे मोजमाप त्यात काहीच नसते.

गैरसमज ३ : संगणकाने दिलेला उतार हाच खरा उतार.

वस्तुस्थिती : १९८१ मधील हॉर्न यांच्या प्रचलित पद्धतीत एका चौकोनाचा उतार त्याच्या आठ शेजाऱ्यांच्या उंचीवरून काढतात. सपाट माथा आणि सपाट पायथा यांच्यामध्ये ६० मीटरचा सरळसोट कडा असेल, तर ३० मीटरच्या जाळीत उंचीतील ६० मीटरचा फरक ६० मीटर आडव्या अंतरावर विभागला जातो आणि ९० अंशांचा कडा ४५ अंशांचा दिसतो. तोच १० मीटरच्या प्रत्यक्ष मोजणीत सुमारे ७२ अंशांचा येतो. बेसाल्टचे कडे आणि त्यांच्यामधले पदर अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना असलेल्या सह्याद्रीत ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

गैरसमज ४ : प्रतिमानातील प्रत्येक खळगा ही चूकच असते.

वस्तुस्थिती : ओकॅलहॅन आणि मार्क यांच्या १९८४ च्या पद्धतीत पाणी आठपैकी सर्वांत तीव्र उताराच्या शेजाऱ्याकडे जाते असे मानले जाते, खळग्यात हा मार्ग खुंटतो, म्हणून खळगे आधी बुजवण्याचा प्रघात आहे. मोजणीतील दोषांमुळे पडलेल्या खळग्यांसाठी तो योग्यच आहे. पण सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या लोणारच्या विवरातून पाणी बाहेर वाहत नाही, आणि सरसकट भरणी केल्यास हेच विवर काठाच्या सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत बुजून त्यावरून एक खोटा ओढा वाहू लागतो.

म्हणून असा नकाशा हाती घेताना आकडे कोणत्या मोजणीतून आले, चौकोन केवढा आहे आणि खळग्यांचे काय केले, हे तीन प्रश्न अभ्यासकाने आधी विचारावेत आणि कोणताही निर्णय घेण्यापूर्वी ती जागा स्वतः पायाखालून घालावी.