डोळ्यांपुढच्या माशा

"डॉक्टरसाहेब, डोयासमोर माशा उडतस," असे म्हणत एक काका परवा दवाखान्यात आले. वय ६२. आमच्या सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी घडतात. त्या भांड्यांवर ठोके घालण्यातच काकांचा जन्म गेला. घासूनपुसून लख्ख केलेले पातेले हातात धरले की त्यावर हटकून दोन-तीन काळ्या माशा फिरताना दिसतात, हाकलल्या तरी हलत नाहीत, ही त्यांची तक्रार. "मोतीबिंदूच असेल, पुढच्या शिबिरात नाव घालून टाका," असा निदानासह आदेशही त्यांनीच दिला.

मी विचारले, "कधीपासून?" म्हणाले, "चार-पाच वर्षं झाली." संख्या वाढली का? नाही. वीज चमकल्यासारखे दिसते का? नाही. नजर एका बाजूने झाकली जाते का? तेही नाही. माझा जीव भांड्यात पडला.

वाचकहो, या माशा बाहेर नसतात, डोळ्याच्या आत असतात. आपल्या डोळ्याचा गोल ज्या पारदर्शक, जेलीसारख्या पदार्थाने भरलेला असतो त्याला व्हिट्रियस म्हणतात. तो जेमतेम ४ मिलिलिटर असतो आणि त्यात जवळजवळ सगळे पाणीच असते; बाकी थोडे अतिसूक्ष्म धागे. वय वाढते तशी ही जेली पातळ होते आणि धागे एकत्र येऊन त्यांच्या गुठळ्या होतात. त्यांची सावली मागच्या पडद्यावर पडते. तीच आपल्याला माशी, कोळ्याचे जाळे किंवा केसाचा तुकडा वाटते. नजर फिरवली की ती सरकते, थांबवली की हळूहळू तरंगत खाली येते. मोकळे आकाश, चुन्याची भिंत, चकचकीत भांडे अशा उजळ पार्श्वभूमीवर ती जास्त जाणवते. गंमत म्हणजे जुन्या युरोपीय वैद्यांनी या तक्रारीला लॅटिनमध्ये दिलेल्या नावाचा अर्थही 'उडत्या माशा' असाच आहे!

मोतीबिंदूचे तसे नसते. त्यात नजर धुरकट काचेतून पाहिल्यासारखी होते, ठिपके पळत नाहीत. माशांवर थेंब नाही, गोळी नाही. मध, गुलाबपाणी वगैरे तर डोळ्यात घालूच नये. बहुतेकांना काही महिन्यांत त्यांची सवय होते. शस्त्रक्रियेने जेली काढता येते, पण त्यात धोके असल्याने किरकोळ त्रासासाठी ती सहसा करीत नाहीत. काकांनाही मी सवडीने एकदा डोळे तपासून घ्या, एवढेच सांगितले.

मग माझा जीव टांगणीला का लागला होता? त्याला कारण आमच्याच भागातले एक गुरुजी. वय ४८, लहानपणापासून जाड भिंगाचा, उणे नंबरचा चष्मा. एका रात्री अंधारात त्यांना डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात कुणी बॅटरी मारल्यासारखी चमक दिसू लागली. सकाळी पाहतात तो डोळ्यापुढे काजळी उडाल्यासारखे असंख्य ठिपके. उष्णता झाली असेल म्हणून त्यांनी मेडिकलमधून थेंब आणले. डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता, त्यामुळे आठवडा तसाच गेला. आठव्या दिवशी खालून काळी सावली वर चढू लागली तेव्हा ते माझ्याकडे आले. मी त्यांना तातडीने धुळ्याला पाठवले, तेथून नाशिकला शस्त्रक्रिया झाली. पडदा बसला, पण त्या डोळ्याने वाचणे काही परत आले नाही.

झाले होते असे, की जेली आकसून पडद्यापासून सुटताना पडद्याला ओढ बसली. ती ओढ म्हणजे चमक. ओढीने पडदा फाटला, भेगेतून पाणी मागे शिरले आणि भिंतीचा पोपडा निघावा तसा पडदा सुटला. जेली अशी सुटणे पन्नाशीनंतर सर्वसामान्य आहे आणि बहुतेकांचे काही बिघडत नाही. पण अचानक माशा किंवा चमक सुरू होऊन तपासणीला आलेल्या अशा रुग्णांत साधारण ७ पैकी एकाच्या पडद्याला भेग सापडते. नुसती भेग असेल तर खुर्चीवर बसवून लेसरने तिच्याभोवती डाग देतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. स्वित्झर्लंडमधील लोझानच्या ज्यूल गोनँ यांनी १९२०च्या दशकात भेग बुजवली तर सुटलेला पडदा वाचतो हे दाखवून दिले. त्याआधी अशा रुग्णांची दृष्टी जवळजवळ गेल्यातच जमा असे.

म्हणून एकाएकी नव्या माशांचा थवा आला, चमक दिसू लागली किंवा नजरेवर पडदा सरकला तर शिबिराची वाट पाहायची नाही. शिबिर मोतीबिंदूसाठी थांबू शकते, फाटलेला पडदा थांबत नाही. त्याच दिवशी निघावे. धुळे येथून वीसेक किलोमीटर, आणि तेथील हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेत्रविभाग आहे. मोठा उणे नंबर असलेले, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले आणि डोळ्याला मार लागलेले यांनी विशेष जपावे. मधुमेही माणसाला अचानक काळे दिसू लागले तर आत रक्तस्रावही झालेला असू शकतो. एकेक डोळा तळहाताने झाकून पाहावे, म्हणजे बिघाड कुठल्या डोळ्यात आहे ते कळते. दोन्ही उघडे असताना चांगला डोळा वाईटाचे दोष झाकतो.

आणखी एक. पडदा पाहण्यासाठी थेंब टाकून बाहुली मोठी करतात, त्यानंतर चार-सहा तास उजेड सहन होत नाही, जवळचे दिसत नाही. तेव्हा मोटारसायकल घरी ठेवून एसटीने जावे आणि सोबत कुणाला तरी न्यावे. पहिल्या तपासणीत भेग दिसली नाही तरी डॉक्टर महिना-दीड महिन्याने पुन्हा बोलावतात. ती तारीख चुकवू नये, कारण काही भेगा उशिराने पडतात.