थंड टोकातून इलेक्ट्रॉन

१९६२ साली ‘टेलस्टार’ उपग्रहाने अटलांटिकपलीकडे दूरचित्रवाणीचे चित्र पोचवले. त्यातल्या ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत आपली ऊर्जा क्षीण लहरींना देई आणि त्या बळकट होऊन पृथ्वीकडे निघत. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्येही असाच झोत पडद्यावर चित्र उमटवी.

दोन्हीकडे इलेक्ट्रॉन मिळवायची रीत एकच: कॅथोड तापवायचा. टीव्ही लावल्यावर चित्र यायला वेळ लागे तो त्यामुळेच. घरात हे चालून जाई. उपग्रहात मात्र सौर पॅनेलमधून येणारा प्रत्येक वॅट मोलाचा.

न तापवताही इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. प्रबळ विद्युतक्षेत्रात ते धातूच्या पृष्ठभागावरचा ऊर्जेचा अडथळा भेदून जातात, हे फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी १९२८ साली गणिताने मांडले. त्यासाठी सेंटीमीटरला कोट्यवधी व्होल्टचे क्षेत्र लागते. टोक अतिसूक्ष्म असले की क्षेत्र तिथेच एकवटते आणि थोड्या व्होल्टेजमध्ये काम भागते.

पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात डॉ. दिलीप जोग, डॉ. महेंद्र मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच टोकांचा अभ्यास केला. टंगस्टनच्या टोकावर लेझरच्या साहाय्याने लँथॅनम हेक्झाबोराइडचा पातळ थर चढवायचा, कारण टंगस्टनपेक्षा त्यातून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. मग अतिनिर्वातात समोरच्या प्रतिदीप्त पडद्यावर टोकाची लाखो पट मोठी प्रतिमा पाहायची. त्या प्रतिमेतले ठिपके लुकलुकतात, कारण उरलेल्या वायूचे अणू टोकावर येऊन बसतात आणि निघून जातात. प्रवाह डळमळतो तो इथेच. म्हणून विक्रमी प्रवाहाच्या आकड्यापेक्षा तो तासन्‌तास स्थिर राहिल्याचा आलेख जास्त महत्त्वाचा मानायला हवा.

पडद्यांच्या बाजारात मात्र थंड कॅथोडची शर्यत हुकली. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या, म्हणजे नॅनोट्यूबच्या, टोकांतून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या पडद्यांचे नमुने सॅमसंगने दाखवले होते, पण एलसीडी स्वस्त होत गेला. कॅननने थंड कॅथोडच्या टीव्हीचा नाद २०१० साली सोडला. अवकाशात अजून गरम कॅथोडचेच राज्य आहे. १९७७ साली निघालेल्या ‘व्हॉयेजर’ यानांचे संदेश अशाच नळ्यांच्या बळावर पृथ्वीपर्यंत पोचत आले आहेत. थंड टोकाला इथे इतकी वर्षे तग धरून दाखवावे लागेल. तोवर नॅनोट्यूबच्या कॅथोडनी क्ष-किरण यंत्रांत जागा मिळवली आहे: तिथे झोत तत्क्षणी चालू-बंद होतो आणि तापायची वाट पाहावी लागत नाही.