फॉकलंड १९८२ : पल्ला आणि जर-तर

• युद्ध : २ एप्रिल ते १४ जून १९८२, ब्रिटन विरुद्ध अर्जेंटिना.

• अंतर : फॉकलंड बेटे ब्रिटनपासून सुमारे १३,००० किमी, असेन्शन बेटावरील तळापासून सुमारे ६,३०० किमी.

• ब्रिटन : हवाई संरक्षणाची भिस्त 'हर्मिस' (नंतरची 'आयएनएस विराट') आणि 'इन्व्हिन्सिबल' या विमानवाहू नौकांवरील सी हॅरियरवर.

• अर्जेंटिना : मिराज-३ व डॅगर या विमानांना हवेत इंधन भरण्याची सोय नाही; स्कायहॉक व सुपर एतांदार यांना होती.

• पहिला 'जर' : फँटम विमाने वाहणारी ब्रिटिश नौका 'आर्क रॉयल' १९७९मध्ये निवृत्त झाली नसती तर?

• दुसरा 'जर' : फॉकलंडची राजधानी स्टॅन्ली येथील सुमारे १,२५० मीटरची धावपट्टी अर्जेंटिनाने लढाऊ जेटसाठी वाढवली असती तर?

• युद्धानंतर : ब्रिटिशांनी ती वाढवली, ऑक्टोबर १९८२मध्ये तिथे फँटम उतरली.