मिरचीची रोपे शेतात केव्हा लावावीत?

गोव्यातील गृहिणीच्या स्वयंपाकघरात लाल मिरचीला जे स्थान आहे, ते सांगावयास नको. पावसाळ्यापूर्वी वर्षाचे जिन्नस भरून ठेवण्याची, म्हणजेच पुरुमेंताची, प्रथा येथे पूर्वापार चालत आली असून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्या दिवसांत सुक्या मिरचीला विशेष मागणी असते. पेडणे तालुक्यातील हरमल मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे या पिकाच्या नावाला कायद्याचे संरक्षणही लाभले आहे. परंतु नाव टिकले तरी बियाणे टिकतेच असे नाही. हे बियाणे शेतकऱ्याच्या घरी, निवडून वाळवून ठेवलेल्या फळांत असते. एका हंगामात रोपे मेली आणि घरचे बी संपलेले असले, म्हणजे शेतकऱ्याला बाजारातील मिळेल ते रोप आणावे लागते आणि मूळ वाण शेतातून नाहीसा होतो. म्हणूनच रोपे वाफ्यातून शेतात नेण्याची वेळ अचूक साधणे अगत्याचे आहे.

दोन्ही बाजूंनी अडचण

भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या जमिनीत हे पीक घेतले जाते. मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यास गोव्यातून माघार घेतो. परंतु परतीच्या पावसाच्या सरी त्यानंतरही येतात. २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस ‘क्यार’ चक्रीवादळाच्या वेळी उभ्या भाताचे मोठे नुकसान झाले होते, तर २००९ साली ‘फयान’ वादळ नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात किनाऱ्यावर आले होते. घाईने लावलेली कोवळी रोपे अशा पावसात सापडली, तर चिकट, हवा न खेळणाऱ्या जमिनीत त्यांची मुळे कुजतात.

उलटपक्षी, लागवड डिसेंबर अखेरपर्यंत लांबली तर फुले व फळे धरण्याचा काळ उन्हाच्या तडाख्यात येतो. तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की मिरचीची फुले गळू लागतात. विहिरी व ओहोळ याच सुमारास आटतात आणि शेवटचे तोडे वाळवण्याच्या वेळी वळवाचा पाऊस गाठतो. या दोन्ही अडचणी टाळावयाच्या असतील, तर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा लागवडीस सामान्यतः योग्य ठरतो. मिरचीचे रोप ३५ ते ४५ दिवसांत तयार होत असल्याने बी सप्टेंबरच्या अखेरीस पेरावे.

आडोशातील रोप

सप्टेंबरमध्ये पाऊस असतोच. त्यामुळे सुमारे १ मीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंच गादीवाफा करून त्यावर झावळ्यांचा मांडव घालणे आवश्यक असते. बियाण्यास दर किलोस ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळल्यास रोपे कोलमडण्याच्या रोगास आळा बसतो. मांडवाखाली रोपे जोमाने वाढतात, परंतु ही वाढ सुखवस्तू घरातल्या लाडक्या मुलासारखी असते. सावलीतील पानांवरील मेणचट आवरण पातळ राहते, खोड उंच व नाजूक होते. अशा रोपाला उपटून एकदम उन्हात लावले, तर उपटताना मुळांचे बारीक तंतू तुटल्याने पाणी शोषले जात नाही आणि पानांतून मात्र ते झपाट्याने उडून जाते. रोप माना टाकते, त्याची पाने पांढुरकी पडून करपतात.

रोप काटक करणे

यावरील उपाय खर्चाचा नाही, सवयीचा आहे. लागवडीपूर्वी आठ ते दहा दिवस रोपांस हळूहळू उघड्यावर राहण्याची सवय लावावी. पहिले दोन दिवस मांडव फक्त सकाळी दोन तास दूर करावा, पुढे ही वेळ रोज वाढवावी आणि शेवटचे दोन-तीन दिवस रोपे दिवसरात्र उघडी ठेवावीत. पावसाची चिन्हे दिसताच आच्छादन परत घालावे. या काळात नत्रखत देऊ नये व पाणी बेताने द्यावे. दुपारी पाने किंचित मलूल होऊन संध्याकाळी सावरली, तर चिंता नको. संध्याकाळीही ती सावरली नाहीत, तर पाणी द्यावे. असे केल्याने वाढ मंदावते, पानांवरील आवरण जाड होते व रोपात अन्नसाठा होतो.

डिचोली तालुक्यातील गावे किनाऱ्यापासून दूर असल्याने तेथे हिवाळ्यातील रात्री पेडण्याच्या किनारी गावांपेक्षा गार असतात. तेथे रात्रीच्या सवयीकडे अधिक लक्ष द्यावे. मात्र सवयीच्या नावाखाली रोपे वाफ्यातच अडवून ठेवू नयेत. वाफ्यात कळ्या धरलेले जुने रोप शेतात नीट फोफावत नाही.

तीन खुणा

केवळ पंचांग पाहून लागवडीचा दिवस ठरवू नये. तीन खुणा एकत्र जुळाव्यात. पहिली रोपाची : उंची १२ ते १५ सेंटिमीटर, खोड ताठ व बोटात वाकवल्यास न मोडणारे. दुसरी जमिनीची : मूठभर माती दाबून गोळा करावा, बोटाने टिचकी मारताच तो फुटला, तर वाफसा आला असे समजावे, बोटांना चिकटला तर थांबावे. तिसरी आभाळाची : हवामान खात्याच्या अंदाजात पुढील चार-पाच दिवस जोराचा पाऊस नसावा.

लागवड दुपारी चारनंतर करावी. उपटण्यापूर्वी वाफ्यास पाणी द्यावे, म्हणजे मुळांबरोबर माती येते. रोप वाफ्यात होते तितक्याच खोलीवर लावून लगेच पाणी द्यावे. ज्या जागी आदल्या हंगामात वांगी किंवा टोमॅटो होते, तेथे मर रोगाचा धोका असल्याने मिरची घेऊ नये. एक दशांश रोपे वाफ्यातच राखून ठेवावीत; आठवडाभरात नांग्या भरण्यास ती उपयोगी पडतात.

सर्वांचे सहकार्य

तिळारी प्रकल्पाचे कालवे पेडणे व डिचोली तालुक्यांत आले आहेत. कालव्याचे पाणी सुटण्याचा दिवस शेतकऱ्यांना बी पेरण्यापूर्वीच कळला, तर पुढील सर्व दिवस मोजता येतात. संबंधित अधिकाऱ्यांनी ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर वेळेवर लावणे हितावह ठरेल. शिक्षकांनी शाळेच्या बागेत वीस रोपे सवय लावून व वीस तशीच लावून दहा दिवसांनी जगलेली रोपे मुलांकडून मोजवून घ्यावीत. मुलांनी स्वतः मोजलेला आकडा त्यांच्या घरी पोहोचतो व तेथे तो मानलाही जातो.

शेतकऱ्यांनी पहिल्या बहरातील निरोगी झाडांची पिकलेली फळे बियाण्यासाठी राखावीत आणि सर्व बी एकाच वेळी पेरू नये. थोडे बी घरी शिल्लक असले, तर एखादा अवकाळी पाऊस रोपे नेईल, पण वाण नेऊ शकणार नाही.