विश्लेषण : सरकारच मालक असेल, तर वाटाघाटी कोणाशी?

सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांना वेतन आणि सेवाशर्तींबाबत सामूहिक वाटाघाटींचा अधिकार असावा का, यावर अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात २०११ पासून वाद सुरू आहे. हा अधिकार जवळपास संपवणाऱ्या ‘ॲक्ट १०’ या कायद्यातील बहुतांश तरतुदी डिसेंबर २०२४ मध्ये तेथील डेन काउंटी न्यायालयाने रद्द ठरवल्या. त्या निकालाविरुद्ध अपीलही झाले. सरकारने करारांत हस्तक्षेप करू नये, असे एरवी सांगणाऱ्यांनीच हा कायदा उचलून धरला. मग हा हस्तक्षेप नाही का?

कायद्यात काय आहे?

फेब्रुवारी २०११ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी तूट भरून काढण्यासाठी म्हणून हे विधेयक आणले. पुढील दोन वर्षांच्या अर्थसंकल्पात ३.६ अब्ज डॉलरची तूट अपेक्षित होती. कर्मचाऱ्यांनी निवृत्तिवेतनाच्या वर्गणीतील निम्मा वाटा उचलावा आणि आरोग्यविम्याचा जास्त हप्ता भरावा, हा त्यातला पैशांचा भाग. तो मान्य करण्याची तयारी संघटनांच्या नेत्यांनी दाखवली होती.

ठिणगी पडली ती दुसऱ्या भागामुळे. संघटनांना फक्त मूळ वेतनावर बोलता येईल आणि महागाईदरापेक्षा जास्त वाढ हवी असल्यास मतदारांचा कौल घ्यावा लागेल. रजा, कामाचे तास, सुरक्षितता या विषयांवर वाटाघाटी बंद. पगारातून संघटनेची वर्गणी कापणे बंद. शिवाय मान्यता टिकवण्यासाठी दरवर्षी मतदान घ्यायचे आणि त्यात मतदान करणाऱ्यांपैकी नव्हे, तर एकूण कर्मचाऱ्यांपैकी ५१ टक्क्यांची मते मिळवायची. पोलीस आणि अग्निशमन जवानांना मात्र यातून वगळले.

मंजुरी कशी मिळाली?

सिनेटच्या ३३ जागांपैकी १९ रिपब्लिकनांकडे होत्या. आर्थिक विधेयकासाठी २० सदस्यांची उपस्थिती आवश्यक होती. १४ डेमोक्रॅट सदस्य थेट शेजारच्या इलिनॉय राज्यात निघून गेले. राजधानी मॅडिसनमध्ये हजारो आंदोलकांनी विधान भवनात ठिय्या दिला. अखेर ज्या तरतुदींमुळे २० ची अट लागू होत होती, त्या वगळून ९ मार्चला सिनेटने विधेयक मंजूर केले. दोन दिवसांनी त्याचा कायदा झाला. २०१२ मध्ये वॉकर यांना परत बोलावण्यासाठी मतदान झाले, पण ते जिंकले.

याच विस्कॉन्सिनने १९५९ मध्ये स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटींचा अधिकार दिला होता. असा कायदा करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य.

समर्थकांचा युक्तिवाद काय?

खासगी कंपनीत कामगारांनी अवाच्या सवा मागितले, तर माल महागतो आणि ग्राहक दुसरीकडे जातो. दोघांनाही बाजाराचा लगाम असतो. सरकारला तो नाही. करदाता दुसऱ्या सरकारकडे जाऊ शकत नाही. शिवाय संघटना निवडणुकीत ज्यांना मदत करतात, तेच पुढे वाटाघाटीत मालक म्हणून समोर बसतात आणि वाटतात तो पैसा त्यांचा नसतो.

ही शंका केवळ उजव्यांची नाही. कामगारांचे कैवारी मानले जाणारे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीही १९३७ मधील एका पत्रात खासगी क्षेत्रातील सामूहिक वाटाघाटी सरकारी सेवेत जशाच्या तशा आणता येणार नाहीत, असे म्हटले होते. कामगारांना हा हक्क देणाऱ्या १९३५ च्या कायद्यातूनही सरकारी कर्मचारी वगळले गेले होते.

मग विसंगती कुठे?

दोन पक्षांना स्वेच्छेने करार करू द्यावा, सरकारने मध्ये पडू नये, हे मुक्त अर्थव्यवस्थेचे मूळ सूत्र. पण ॲक्ट १० मध्ये एखाद्या गावच्या शाळा मंडळाची शिक्षक संघटनेशी कामाच्या तासांबाबत करार करण्याची इच्छा असली, तरी तसे करता येत नाही. राज्य सरकार इथे मालकांच्या बाजूलाही आहे आणि चर्चेला काय घ्यायचे, हेही तेच ठरवते. खर्चाला मर्यादा घालणे वेगळे आणि समोरच्याचे तोंड बंद करणे वेगळे. पोलिसांना दिलेली सूट तर तत्त्वात बसतच नाही. सुरक्षा सेवेचे काम करणाऱ्या काहींना वगळायचे आणि काहींना नाही, या वर्गवारीवरच डेन काउंटीच्या न्यायाधीशांनी बोट ठेवले.

परिणाम काय झाले?

पैसे वाचले आणि शाळांना शिक्षकांचे पगार स्वतः ठरवण्याची मोकळीक मिळाली. दुसरीकडे, २०१० मध्ये राज्यातील सुमारे १४ टक्के नोकरदार संघटनांचे सदस्य होते. २०२२ पर्यंत हे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. खासगी क्षेत्रातील संघटनांवर निर्बंध आणणाऱ्या २०१५ च्या कायद्याचाही त्यात वाटा आहे. बार्बरा बियासी आणि हीदर सार्सन्स या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. पगार वैयक्तिक बोलणीवर ठरू लागल्यावर शिक्षक आणि शिक्षिकांच्या वेतनातील दरी वाढली, कारण जास्त पगार मागण्यात शिक्षिका मागे राहिल्या.

आपल्याकडे काय स्थिती?

भारतात संघटना स्थापन करणे हा मूलभूत हक्क आहे. परंतु सामूहिक वाटाघाटींची हमी त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये स्पष्ट केले. तमिळनाडूतील संपाच्या प्रकरणात २००३ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक अधिकार नाही, असेही न्यायालयाने म्हटले. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६६ पासून संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे.

तरीही मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी महाराष्ट्रातील लाखो कर्मचारी संपावर गेले. शाळा आणि रुग्णालयांत आलेल्यांचे हाल झाले. सातव्या दिवशी संप मिटला, तोही चर्चेनेच. कायद्याने वाटाघाटींचे दार बंद केले, तरी प्रश्न संपत नाही. तो रस्त्यावर येतो आणि त्याची किंमत सामान्य नागरिक मोजतो. सरकार लहान असावे की मोठे, यावर मतभेद राहतीलच. पण ते जोवर मालक आहे, तोवर कर्मचाऱ्यांशी बोलण्याची एखादी रीतसर जागा त्याला ठेवावीच लागेल.