विहिरीवरची यारी : आधी कागद पाहा, मग दोर पाहा



सुगी आटोपली की विहिरींची कामे निघतात. गाळ-दगड वर काढायला यारी येते, मोठे धोंडे हलवायला चाकांची क्रेन येते. भाडे ठरते, काम सुरू होते. पण चालकाचा परवाना आणि दोराची तपासणी याबद्दल कोणी विचारत नाही. खाली विहिरीत माणसे असतात. तेव्हा या दोन्ही गोष्टी विचारल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका.

परवाना कशाचा?

रस्त्यावरून चालणारी क्रेन हे मोटार वाहनच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे तिची नोंदणी व विमा हवा, आणि चालकाच्या परवान्यात त्या जातीच्या वाहनाची नोंद हवी. मोटारसायकलचा किंवा ट्रॅक्टरचा परवाना येथे चालत नाही. बिनपरवाना माणसाच्या हाती यंत्र दिले तर चालकाबरोबर यंत्रमालकालाही दोष लागतो. शिवाय अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाईला हरकत घेऊ शकते.

परवाना म्हणजे दोराची हमी नव्हे

खांबावर बसवलेली यारी रस्त्यावर धावत नाही. तिची पारख वाहनाच्या परवान्याने कशी होणार? कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्याने दंडक घातला होता : ओझे उचलणारे यंत्र, साखळी व दोर यांची सक्षम तपासनिसाकडून वर्षातून निदान एकदा कसून तपासणी व्हावी, आणि यंत्र किती भार उचलू शकते ते त्यावर स्पष्ट लिहावे. आपल्या बांधावरही हेच माप लावा. यारीवाल्याकडे तपासणीचा दाखला मागा.

भाराचा अंदाज चुकतो तो असा : तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट जाड काळा पाषाण पाच क्विंटलांहून जास्त भरतो!

रोज सकाळी एवढे पाहा

१. तारेच्या दोराचे धागे तुटलेले, गंजलेले, चेपलेले वा पीळ पडलेले असतील तर दोर बदला. गाठ मारून काम भागवू नका.
२. दोराच्या क्लिपांची खोबण ताणाच्या दोरावर आणि वाकडा बोल्ट मोकळ्या टोकावर असावा.
३. हुकाची जीभ शाबूत असावी. ब्रेक भरल्या डोलात, जमिनीपासून थोडेच उचलून अजमावा.
४. डोल वर-खाली होताना खालच्या माणसांनी बाजूला सरकावे. डोलात बसून कोणीही चढउतार करू नये.
५. वर विजेच्या तारा असतील तर यंत्र तेथे उभेच करू नका.

यारीवाला म्हणेल, "दादा, आजवर काही झालं नाही." त्याला सांगा, "झालं नाही ते बरंच. पण दोर बघितल्याशिवाय माणूस खाली उतरणार नाही." एका दिवसाचा खोळंबा परवडतो, घरचा माणूस गेला तर तो परत येत नाही.