ट्रान्सफर केसला कोणते तेल?

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून विभक्त होऊन वाशिम हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा चारही चाकांना ओढ असलेले वाहन म्हटले की कारंजा-मानोऱ्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढे जुनी जीपच उभी राही; परंतु ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांच्या भूमीवरून ताशी १२० किलोमीटरच्या विहित मर्यादेपर्यंत अखंड वेगाने जाणाऱ्या बलवान मोटारी नित्याच्या झाल्या, आणि त्यांपैकी काहींच्या पोटाखाली जीपमधल्याच एका अवयवाचा अधिक नाजूक वंशज बसविलेला असतो. गिअरबॉक्समधून आलेली शक्ती पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटून देणारा हा अवयव म्हणजे ट्रान्सफर केस. पुष्कळ मोटारींत त्याला लागणारे तेल एक लिटरही नसते; परंतु त्याच्या निवडीत जी हयगय होते, तिची भरपाई अवघी पेटी बदलूनच करावी लागते.

जुन्या जीपची व्यवस्था सरळ होती. तिच्या ट्रान्सफर केसमध्ये पोलादी दात्यांची चक्रे एकमेकांत गुंतलेली असत, आणि त्या दात्यांवर पडणारा प्रचंड दाब सोसण्यासाठी मिस्त्री ज्याला ‘नव्वद नंबर’ म्हणतात ते घट्ट गिअर ऑइल घातले जाई. हा नव्वदचा आकडा म्हणजे गुणवत्तेची पायरी नव्हे. १०० अंश सेल्सिअस तापमानाला तेलाची श्यानता साडेतेरा ते साडेअठरा सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असावी, एवढाच त्याचा आजचा अर्थ. त्याच्या शेजारी छापलेली जीएल-४ किंवा जीएल-५ ही अक्षरे मात्र डोळसपणे वाचावीत. जीएल-५ प्रतीच्या तेलात गंधक व स्फुरदयुक्त द्रव्यांचे प्रमाण अधिक असते. ती डिफरन्शिअलच्या दात्यांचे उत्तम संरक्षण करतात, पण त्यांतील काही गिअरबॉक्समधल्या पितळी कड्यांना मानवत नाहीत. जुन्या विलिज बनावटीच्या जीपमध्ये गिअरबॉक्स व ट्रान्सफर केस यांची तेले आतल्या मार्गाने परस्परांत मिसळत असल्यामुळे एकाची निवड दुसऱ्याला बाधणार नाही, याची खातरजमा करावीच लागे.

वेगवान मोटारीत प्रकरण याहून सूक्ष्म होते. बीएमडब्ल्यूच्या ‘एक्सड्राइव्ह’ रचनेत २००३ पासून ट्रान्सफर केसमध्ये तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांचा क्लच असतो. विजेची लहान मोटर त्या चकत्या कमीअधिक दाबते आणि त्या प्रमाणात पुढच्या चाकांकडे शक्ती जाते. येथे तेलाने दोन परस्परविरोधी कामे एकाच वेळी करावयाची असतात: बेअरिंग निसरडे ठेवावयाचे आणि चकत्यांना मात्र एकमेकींची पकड घेऊ द्यावयाची. ही पकड किती असावी हे तेलात मिसळलेल्या घर्षणनियामक द्रव्यांवर ठरते, आणि गाडीचा संगणक तेवढ्याच पकडीचा हिशेब गृहीत धरून दाब देत असतो. तेल भलतेच पडले की तो हिशेब चुकतो. मंद गतीने वळण घेताना गाडी थरथरते, चकत्या जळतात, आणि मालक दोष टायरांत शोधीत बसतो. अशा पेट्यांना बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलासारखे पातळ, खास नेमलेले द्रव्य लागते. उलट ऑडीच्या अनेक ‘क्वात्रो’ गाड्यांत मधला डिफरन्शिअल दात्यांचा असून तो गिअरबॉक्सच्याच कवचात बसतो आणि त्याला गिअर ऑइलच हवे असते. तेव्हा ‘चारही चाकांना ओढ’ एवढ्या वर्णनावरून तेल ठरविणे हे मूळ दस्तऐवज न पाहता फेरफार मंजूर करण्यासारखे आहे.

आपल्याकडे एक समजूत दृढ आहे, आणि तिचा प्रतिवाद केला पाहिजे असे मला मनापासून वाटते: वऱ्हाडातील उन्हाळा कडक, म्हणून तेल नेमल्यापेक्षा घट्ट घालावे. वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो हे खरे; पण महामार्गावर दीर्घकाळ वेगाने धावलेल्या गाडीच्या ट्रान्सफर केसमधील तेल स्वतःच्या घुसळणीने आणि घर्षणानेच त्याहून कितीतरी अधिक तापलेले असते, आणि घट्ट तेल अधिक घुसळले जाते म्हणून अधिकच तापते. शिवाय ते अरुंद मार्गांतून वेळेवर पोहोचत नाही व चकत्यांना सुटू देत नाही. ‘७५डब्ल्यू-९०’ यातील पहिला अंक थंडीतील वर्तनाचा असल्याने वाशिमकरांना त्याची चिंता नको. दुसरा अंक मात्र उत्पादकाने सांगितलेलाच असावा.

म्हणून दुकानदाराची शिफारस घेण्यापूर्वी गाडीच्या पुस्तिकेतील नेमका निर्देश पाहावा, आणि ‘सर्व गाड्यांना चालणारे’ असे लिहिलेल्या डब्यावर तोच निर्देश छापला आहे काय, हे तपासावे. नसेल तर तो डबा कितीही महाग असला तरी परत करावा. काही उत्पादक हे तेल गाडीच्या आयुष्यभरासाठी भरल्याचे सांगतात, परंतु सतत ताण सोसणाऱ्या गाडीत त्यावर विसंबून राहणे मला मान्य नाही. तेल काढताना आधी भरण्याचे बूच सैल होते की नाही ते पाहावे, कारण जुने तेल सांडून गेल्यावर तेच बूच अडले तर गाडी जागेवरून हलविता येत नाही. बुचाला लोहचुंबक असल्यास त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसणे स्वाभाविक आहे. धातूचे टोकदार कण आढळले तर नवे तेल भरण्याआधी पेटी उघडावी.

याच वेळी चारही टायरांचा घेर मोजून घ्यावा. पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले असले तर चाकांच्या फेऱ्यांत फरक पडतो, तो फरक सरळ रस्त्यावरही चकत्यांना घसरून भरून काढावा लागतो, आणि अगदी योग्य तेलही त्या उष्णतेने अकाली करपते.